प्रवेशपरीक्षेआधीची शाळा

आपल्या विद्यालयाचा इतिहास या स्मरणिकेत इतर मित्र लिहीत आहेतच. पहिली तुकडी कुठल्या तात्पुरत्या खोल्यांत भरली, मेसचं छप्पर कधी पडलं, वसतिगृहांना निळा-हिरवा रंग कुणी दिला, यावर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. संपादक मंडळाने मला ‘काहीतरी इतिहासाचं’ लिहायला सांगितलं, तेव्हा मी फाटकाच्या बाहेरचा विषय मागून घेतला. आपण त्या फाटकापर्यंत पोचलो कसे? आपल्यापैकी प्रत्येकाने दहा-अकराव्या वर्षी दोन तासांची एक परीक्षा दिली आणि त्या दोन तासांनी पुढची सात वर्षं ठरवली. ती परीक्षा कुणी आखली, का आखली आणि आपल्याला तिच्यासाठी कुणी तयार केलं, याची नोंद विद्यालयाच्या कुठल्याही फाईलमध्ये नाही. आपल्या सरांना आणि मॅडमना आपण भेटलो ते थेट सहावीत, पेटी घेऊन उभे असताना. त्याआधीची शाळा त्यांनी पाहिलेलीच नाही.

सुरुवात ‘बोर्डिंग’ या शब्दापासून करते, कारण आपल्या आजी-आजोबांना हा शब्द माहीत होता, पण त्यांच्या मनात त्याचा अर्थ वेगळा होता. महाराष्ट्रातल्या खेड्यात बोर्डिंग म्हणजे गरिबाच्या मुलाची शहरात राहायची सोय. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग काढलं. त्या बोर्डिंगांना प्रवेशपरीक्षा नव्हती. मुलाला शिकायची भूक आहे आणि बापाच्या खिशात काही नाही, एवढं पुरे होतं. काम करायचं, भाकरी खायची, शिकायचं. माझ्या आजोबांचे एक मित्र असे शिकून तलाठी झाले होते. त्यामुळे आमच्याकडे ‘बोर्डिंगात घातलं’ हे वाक्य जरा कणव येऊनच बोललं जाई.

निवडून घेणाऱ्या निवासी शाळा ही दुसरी परंपरा. तिचं एक टोक देहरादूनला आहे. १९३५ मध्ये सुरू झालेल्या डून स्कूलसारख्या शाळांत परीक्षा होती, पण परीक्षेच्या आधी फी होती. स्वातंत्र्यानंतर निवड गुणांवर व्हावी आणि शाळा सरकारने चालवावी हा विचार पुढे आला. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ च्या जूनमध्ये आपल्या साताऱ्याला निघाली ती खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी मुलं घडवायला. त्याच दशकात मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना राज्य सरकारने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतनं काढली. म्हणजे नवोदय आलं तेव्हा कल्पना नवी नव्हती. नवा होता तो आवाका: प्रत्येक जिल्ह्यात एक शाळा, आणि खर्च केंद्र सरकारचा.

प्रयोग म्हणून १९८५-८६ मध्ये दोनच शाळा सुरू झाल्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात, अमरावतीला. (अमरावतीचे माजी विद्यार्थी ही गोष्ट दर मेळाव्यात ऐकवतात आणि तो त्यांचा हक्क आहे.) १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या शाळांना ‘गतिनिर्धारक’ म्हटलं गेलं. राजीव गांधी पंतप्रधान होते आणि ते स्वतः डूनचे. पण या योजनेमागे आणखी एक माणूस होता, त्याचं नाव आपल्यात कमी घेतलं जातं. मनुष्यबळ विकास मंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव. ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री असताना, १९७१ मध्ये, नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल या गावी सरकारी निवासी शाळा निघाली होती. मला नवोदयात देहरादूनपेक्षा सर्वेल जास्त दिसतं. पत्र्याची पेटी, रांगेत उभं राहून घेतलेलं ताट, स्वतःचे कपडे स्वतः धुणं आणि गुडघ्याएवढ्या मुलांना ‘आप’ म्हणणारे शिक्षक.

जागांचं गणित आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तरी नव्या पिढीसाठी लिहिते. पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणाशी बांधलेलं आरक्षण. वय आपल्या वेळी नऊ ते तेराच्या दरम्यान असावं लागे. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली असली तरच मूल ग्रामीण. आणि परीक्षा जन्मात एकदाच. नापास झालात, आजारी पडलात, एसटी चुकली, तरी पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. या एका नियमाने किती घरांत किती रात्री जागवल्या असतील!

वयाचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्या वर्गात १ जून ही जन्मतारीख असलेले किती होते आठवतं? पहिलीत नाव घालताना गुरुजींनी मुलाचं तोंड बघून, डोक्यावरून हात नेऊन कान पकडायला लावून, तारीख टाकलेली. पुढे प्रवेशाच्या अर्जावर तीच तारीख गेली आणि आयुष्यभराची झाली. त्या सगळ्यांचा वाढदिवस नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा, त्यामुळे वसतिगृहात कुणालाच काही वाटावं लागलं नाही.

आता परीक्षेकडे येते. सुरुवातीच्या काळात ती एनसीईआरटीने आखली, पुढे सीबीएसईकडे गेली. प्रश्न साधा नव्हता. शिक्षकाचा मुलगा आणि ढोरांमागे जाणारा मुलगा एकाच बाकावर बसणार; एकाच्या घरी वर्तमानपत्र येतं, दुसऱ्याच्या घरी शिधापत्रिकेशिवाय छापील कागद नाही. दोघांची बुद्धी मोजायची तर घर मोजलं जाऊ नये, हे कसं साधायचं? त्यावर काढलेलं उत्तर म्हणजे आकृत्या. शब्द नकोत, सामान्यज्ञान नको, इंग्रजी तर नकोच. चार आकृत्यांतली वेगळी ओळखा, मालिकेत पुढची कोणती, आरशात कशी दिसेल, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, या गुंत्यात ती लहान आकृती कुठे लपली आहे. आजही ऐंशी प्रश्नांपैकी चाळीस असेच असतात, शंभरपैकी पन्नास गुणांचे. उरलेल्यात वीस अंकगणिताचे आणि वीस भाषेचे, तेही मुलाच्या आपल्या भाषेत, उतारा वाचून. परीक्षा मराठीतून देता येते, हे माझ्या आजीला सांगितल्यावर तिने पहिल्यांदा विषय ऐकून घेतला.

कल्पना अशी होती की या परीक्षेची तयारी करावीच लागणार नाही. मूल यावं, बसावं, डोकं चालवावं. ती कल्पना आमच्या गावात तरी पहिल्या दोन वर्षांतच मोडली, आणि मोडणारा माणूस अत्यंत भला होता.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन खोल्या आणि दोन गुरुजी. त्यातले थोरले गुरुजी चौथीच्या शिष्यवृत्तीसाठी मुलं बसवायचे. राज्याची ती परीक्षा तेव्हा चौथीला आणि सातवीला असे (पाचवी-आठवीला गेली ती २०१६-१७ पासून), तिच्यात मराठी, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. त्यासाठी गुरुजी हिवाळ्यात जादा तास घेत. शाळा सुटली की घरी जाऊन भाकर खाऊन यायचं, येताना कंदील आणायचा, वीज असली तर तसाच परत न्यायचा. नवोदयचं पत्रक गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आलं तेव्हा त्यांच्याकडे मुलं तयार होती आणि पद्धतही. शिष्यवृत्तीची चौथीतली पोरं पुढच्या वर्षी नवोदयला बसवायची, इतकं सरळ. आपल्यापैकी अनेकांची कहाणी हीच असणार. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून नवोदयला पोचलेल्या मुलांमागे शिष्यवृत्तीच्या जादा तासांचा किती वाटा आहे, याचा कुणीतरी नीट अभ्यास करायला हवा. मला तो मोठा वाटतो.

पुस्तक एकच होतं, तालुक्याहून आणलेलं, आणि ते गुरुजींकडेच असे. बाकी सगळं फळ्यावर. घडी घातलेल्या कागदाचे प्रश्न आम्हाला चित्रावरून कळेनात, म्हणून त्यांनी जुन्या वह्यांची पानं फाडून प्रत्येकाला दिली. घडी घाला, आणखी एक घाला, आता बाभळीच्या काट्याने टोचा. उघडायच्या आधी भोकं किती आणि कुठे ते पाटीवर काढा. मग उघडा. आरशासाठी त्यांनी दाढीचा आरसा आणला होता. लपलेल्या आकृतीसाठी गोधडी. खरंच सांगते, एका मुलीच्या आईची ठिगळांची गोधडी वर्गात आणून तिच्यात त्रिकोण किती, चौकोन किती हे मोजायला लावलं होतं. ती बाई दाराशी उभी राहून बघत होती की आपल्या गोधडीत एवढं काय आहे.

सरळव्याज आम्ही सोसायटीच्या कर्जावर शिकलो. कुणाच्या बापाने किती उचललं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतंच. “दोन हजार, शेकडा बारा, तीन वर्षं, किती?” सातशे वीस. उत्तर बरोबर आलं की गुरुजी म्हणत, “आता घरी जाऊन बाबांना सांगू नको.” लसावि-मसावि, नफा-तोटा, अपूर्णांक, सगळं असंच वावरातून, बाजारातून येई. भाषेच्या उताऱ्यांसाठी ते गावच्या वाचनालयात येणारं वर्तमानपत्र शिळं झाल्यावर आणत आणि बातमी वाचून पाच प्रश्न स्वतः काढत. फी नव्हती. दिवाळीला कुणी तूर, कुणी भुईमूग नेऊन द्यायचं, तेही गुरुजींच्या बायकोच्या हातात, त्यांच्या नकळत.

माझ्या वर्षी आम्ही पाच जण बसलो. मी, माझा चुलतभाऊ, आणखी दोन मुलं, एक मुलगी. चुलतभाऊ म्हणजे मोठेबाबांचा मुलगा, माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा, अंकगणितात माझ्या पुढे. गुरुजींचा भरवसा त्याच्यावर होता. माझ्या नावाला घरून विरोध झाला तो परीक्षेला नाही, निवड झाली तर काय या प्रश्नाला. मुलगा बाहेर ठेवणं वेगळं, मुलगी बाहेर ठेवणं वेगळं. गुरुजी तीन संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, “तिथं पोरींची राहायची सोय वेगळी आहे हे तुम्ही डोळ्यानं पाहिलं काय?” गुरुजी म्हणाले, नाही. पुढच्या रविवारी दोघं एसटीने गेले, मुलींचं वसतिगृह बाहेरून पाहून आले, तिथल्या एका मॅडमशी बोलले. त्या मॅडम कोण हे आम्हाला कधीच कळलं नाही. आज या मेळाव्याला आलेल्यांपैकी कुणाला १९९३ च्या सुमारास एका शिक्षकाबरोबर आलेला, टोपी हातात धरून उभा असलेला कास्तकार आठवत असेल तर जरूर सांगावं. तुम्ही त्या दिवशी त्यांना चहा दिलात, एवढं बाबा बरीच वर्षं सांगत.

परीक्षेची तयारी गुरुजींची, राहायची तयारी आईची. ही दुसरी तयारी कुठल्या गाईडमध्ये नसते. आईने मला दोन महिने माझे कपडे मला धुवायला लावले, आणि धुतलेले परत तपासले. ताट घासणं, अंथरूण घडी करून ठेवणं, तुटलेली गुंडी लावणं, पायजम्याची नाडी ओवणं. वेणी स्वतःची स्वतः घालता येईना, तेव्हा एका दुपारी तिने माझे केस मानेपर्यंत कापून टाकले. आजी दोन दिवस बोलली नाही तिच्याशी. न आवडणारी भाजी मुद्दाम आठवड्यातून तीनदा. “घरची आठवण आली तं तोंड धुवायचं,” हा तिचा उपदेश. सहावीतल्या पहिल्या सत्रात मुलींच्या वसतिगृहाच्या नळावर संध्याकाळी जी गर्दी व्हायची ती पाहून मला वाटतं की हा उपदेश जिल्ह्यातल्या सगळ्याच आयांनी केला असावा.

परीक्षेच्या दिवशी गुरुजींनी आम्हा पाच जणांना पहिल्या एसटीने तालुक्याला नेलं. दशम्या, तिळाची चटणी, प्रत्येकाला दोन पेन. त्यांची सूचना एकच: “अडलेल्या प्रश्नापाशी थांबू नका, बस सुटते. शेवटी सगळ्या रिकाम्या जागा भरून या.” चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत हे त्यांनी पत्रकात वाचून ठेवलं होतं. परीक्षेबद्दल मला स्वतःला फारसं आठवत नाही. पंख्याचा आवाज आणि शेजारच्या बाकावर कुणीतरी मुसमुसत होतं, एवढंच.

निकाल आला. माझी निवड झाली, चुलतभावाची नाही, उरलेल्या तिघांचीही नाही. अंकगणितात तो पुढे होता, आकृत्यांत मी. मुलींच्या राखीव जागांचाही वाटा असेल, आणि असला तर त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. ती जागा नसती तर बाबा त्या रविवारी एसटीत बसलेच नसते. मोठेबाबा पेढे घेऊन आले. मोठी आई आली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुलतभाऊ पुढे सात किलोमीटर सायकल मारून तालुक्याच्या शाळेत गेला. तो अजून म्हणतो, “तू गेलीस म्हणून तं मी सातवीपर्यंत पहिला येत होतो.” आयटीआय करून त्याने मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हातून जातात.

काही वर्षांपूर्वी गुरुजी गेले. त्यांच्या मुलाने मला त्यांची एक वही दिली, लांबट, दुकानदाराच्या खातेवहीसारखी. तिच्यात १९८८ पासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी नवोदयला बसवलेल्या प्रत्येक मुलाचं नाव आहे. निवड झाली त्यांच्यापुढे लाल शाईने बरोबरची खूण. एकूण नऊ खुणा. आणि ज्यांची झाली नाही त्यांच्यापुढे, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या पेनाने, ते पुढे काय झाले: पोलीस, शेती, डी.एड., पुण्याला कंपनीत, वारला (सर्पदंश), आयटीआय. गुरुजी या नोंदी ठेवत होते हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. निवड होणारा सुटला, त्याची काळजी सरकारला. उरलेल्यांचा हिशोब कुणीतरी ठेवायला हवा, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. हा माझा तर्क.

त्या वहीत चौदा मुलींची नावं आहेत. दोन खुणा. उरलेल्या बारांपैकी सात जणींपुढे एकच शब्द आहे, ‘लग्न’, आणि साल. त्या सालातून परीक्षेचं साल वजा केलं की पाच येतात, सहा येतात. माझ्याबरोबर बसलेल्या त्या मुलीपुढे सहा आहे. गोधडी तिच्याच आईची होती.

मी ती वही प्रथम वाचली तेव्हापासून ‘आम्ही हुशार म्हणून निवडलो गेलो’ हे वाक्य माझ्या तोंडून पूर्वीसारखं निघत नाही. हुशार तर होतोच, त्यात खोटा विनय नको. पण दोन तासांच्या परीक्षेत एका आकृतीचा फरक आणि पुढच्या आयुष्यात एवढा, हे प्रमाण डोक्यात बसत नाही. ही शंका माझी एकटीची नाही. १९९० मध्ये आचार्य राममूर्ती समितीने शैक्षणिक धोरणाचा आढावा घेतला तेव्हा नवोदयच्या कल्पनेवरच प्रश्न उभे केले: थोड्यांसाठी एवढं आणि बाकीच्या शाळांचं काय? शाळांनी ‘गती’ निर्धारित करायची होती, ती शेजारच्या जिल्हा परिषद शाळेपर्यंत पोचली का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक पातळीवर प्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला मनाई केली. नवोदय आणि सैनिक शाळा वेगळ्या गटात ठेवल्या गेल्या आणि आपली परीक्षा चालू राहिली. मला विचाराल तर ती चालू राहायला हवी होती. आमच्या तालुक्यात तरी आईबापांनी पोरीला घराबाहेर पाठवायला मान्यता दिली ती सरकारी परीक्षेच्या निकालाचं पत्र होतं म्हणून. बिनपरीक्षेच्या सोयीवर त्यांनी तेवढा विश्वास टाकला नसता. पण राममूर्तींचा प्रश्न अजून उत्तर मागतो आहे हेही खरं.

परीक्षेचं रूप आता पुष्कळ बदललं. अर्ज ऑनलाइन, उत्तरं ओएमआर कागदावर. देशभरात साडेसहाशेहून अधिक विद्यालयं आहेत. तमिळनाडू हे मोठं राज्य भाषेच्या प्रश्नावरून बाहेर राहिलं. सहावीच्या पन्नास हजारांच्या आसपास जागांसाठी अलीकडे वीस लाखांच्या वर अर्ज गेलेले आहेत. या आकड्यांमधल्या फटीत एक नवा धंदा उभा राहिला. तालुक्याच्या प्रत्येक चौकात ‘नवोदय-सैनिकी-शिष्यवृत्ती’ अशी पाटी आहे. काही ठिकाणी तिसरीपासूनची निवासी अकादमी आहे, म्हणजे निवासी शाळेत जाण्यासाठी आधी निवासी शाळा. शहरात राहणाऱ्या मुलाचं नाव तीन वर्षं खेड्याच्या पटावर ठेवून ग्रामीण जागा मिळवण्याचे प्रकार ऐकू येतात. आणि गंमत अशी की ज्या आकृत्या घराचा फरक पुसायला आणल्या, त्याच आज सर्वांत जास्त घोटवून घेता येतात. दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न, पैसे भरून तीन हजार सराव करा. काट्याने टोचलेला कागद आणि छापील सरावसंच यांत हा फरक पडला आहे. गुरुजींनी सुरू केलेली गोष्टच पुढे विकत मिळू लागली असं कुणी म्हटलं तर मला नाही म्हणता येणार नाही. फक्त त्यांच्याकडे कोण येईल हे त्याच्या बापाच्या खिशावर ठरत नव्हतं.

चुलतभावाची धाकटी मुलगी सध्या त्याच आमच्या शाळेत पाचवीत आहे. तालुक्याच्या क्लासची फी त्याने विचारून आणली, मला फोनवर आकडा सांगितला आणि आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. शेवटी त्याने क्लास लावला नाही. रात्री दुकान बंद केल्यावर तोच तिला बसवतो. अंकगणित त्याचं अजून पक्कं आहे. आकृत्यांसाठी मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, ती कागद दुमडून कॅमेऱ्यासमोर धरते आणि उघडायच्या आधी मला विचारते, “आत्या, किती?” तिची आई तिला कपडे धुवायला लावते की नाही हे मी मुद्दाम विचारलं नाही.

गुरुजींची वही मी मेळाव्याला आणणार आहे. ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवीन. जमल्यास प्रत्येकाने आपल्या गावच्या गुरुजींचं किंवा बाईंचं नाव, शाळा, तालुका आणि आपल्याबरोबर परीक्षेला बसलेल्या पण निवड न झालेल्या मुलामुलींची आठवतील तेवढी नावं एका कागदावर लिहून आणावीत. आपल्या तुकडीचे ऐंशी कागद झाले तर विद्यालयाच्या कार्यालयात जो इतिहास नाही तो निदान एका फाईलमध्ये येईल. फाईल मी सोबत आणते आहे.